प्रबंधिकेचे गुण दिलेत, आता अभिप्रायही द्या

मा. अध्यक्ष,
विद्यापीठ अनुदान आयोग, नवी दिल्ली यांस,



पीएच.डी.ची सध्याची नियमावली राजपत्रात आली ती ७ नोव्हेंबर २०२२ रोजी. आमच्या साताऱ्यात ही तारीख वेगळ्या कारणाने पाठ आहे. ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव इथल्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या छत्रपती प्रतापसिंह हायस्कुलात दाखल झालं. राज्यभर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. तारखा जुळल्या हा योगायोग, पण त्याच विद्यार्थ्याची पुढची एक हकीकत आपल्या नियमावलीशी थेट भिडते.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध लंडन विद्यापीठाच्या डी.एस्सी.साठी सादर केला. मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी तो तसाच स्वीकारायला नकार दिला आणि सुधारून पुन्हा द्यायला सांगितलं. बाबासाहेब मायदेशी परतले, ऑगस्टमध्ये सुधारलेला प्रबंध दिला आणि नोव्हेंबरात पदवी मिळाली. त्याच वर्षी तो पुस्तकरूपाने निघाला. आजही अर्थशास्त्राचे विद्यार्थी तो वाचतात. पहिला निकाल निराशेचा होता, पण पुन्हा लिहिण्याची वाट त्या निकालातच होती.

आमच्या पोरांना ती वाट मिळत नाही.

मी अर्थशास्त्र शिकवतो. पीएच.डी.चा अर्ज भरायच्या दिवसांत सातारा-सांगलीकडची मुलं सल्ल्याला येतात. गेल्या खेपेला सांगलीजवळची एक मुलगी तिची एम.ए.ची प्रबंधिका घेऊन आली. विषय हरिपूरची हळदीची पेवं. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या त्या मातीत तोंड अरुंद आणि पोट मोठं असे खड्डे खणून व्यापारी हळद साठवत. २००५ च्या महापुरात बरीच पेवं निकामी झाली आणि माल कोल्ड स्टोरेजकडे वळला. साठवणीची जागा बदलल्यावर लहान अडत्याच्या हातात काय उरलं, हा तिचा प्रश्न. एका म्हाताऱ्या हमालाने सांगितलं तसं तिने पेवाचं उभं छेदचित्र पेन्सिलने काढलं होतं. समोरच्या पानावर पेवाचं भाडं आणि कोल्ड स्टोरेजचं भाडं शेजारी शेजारी मांडलं होतं. मांडणी विस्कळीत होती, शेवटचं प्रकरण घाईत उरकलं होतं हेही खरं. पण प्रश्न अस्सल होता आणि माहिती तिने पायपीट करून स्वतः मिळवलेली होती.

गुण जेमतेम पासापुरते. का, ते कुठेच लिहिलेलं नाही. बहुतेक ठिकाणी लेखी पेपरची झेरॉक्स मागता येते, पुनर्मूल्यांकनाला टाकता येतो. प्रबंधिका आणि तोंडी परीक्षेला ती सोय नसते. एकूण टक्केवारी पंचावन्नच्या वर असल्याने कागदावर ती पात्र आहे. मुलाखतीत मात्र पहिला प्रश्न हाच येतो, की संशोधनातच एवढे कमी गुण कसे? तिला उत्तर देता येत नाही, कारण तिला ते कुणी सांगितलेलंच नाही.

महोदय, पूर्वी अशा मुलांना एम.फिल.चा आधार होता. एम.ए.ला गाडी घसरली तर एम.फिल.च्या प्रबंधात माणूस स्वतःला सिद्ध करून दाखवायचा. २०२२ च्या नियमावलीने एम.फिल. बंद केली. त्या निर्णयामागची कारणं असतील, पण मधली पायरी काढताना तिच्या जागी काहीच ठेवलं गेलं नाही. दुसरीकडे महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तरच्या तिसऱ्या-चौथ्या सत्रात संशोधन प्रकल्पाला श्रेयांक आले, त्याचं वजन वाढलं. २०२४ पासून नेटच्या गुणांवर पीएच.डी. प्रवेशाची सोय झाली. जेआरएफ, म्हणजे संशोधनवृत्ती, नसलेल्यांना नेटला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भारांक. नेट बहुपर्यायी परीक्षा आहे. हरिपूरला जाऊन हमालाशी बोलणारी मुलगी त्यातून ओळखू येणार नाही. ती ओळखू येईल ती त्या तीस टक्क्यांत, आणि तिथेच जुना आकडा तिच्या आडवा येतो.

पीएच.डी.चा प्रबंध बाहेरच्या किमान दोन परीक्षकांकडे जातो आणि त्यांचे लेखी अहवाल येतात, ही आपल्याच नियमावलीतली तरतूद. मग एम.ए., एम.एस्सी.च्या प्रबंधिकेला निदान एक पान लेखी अभिप्राय सक्तीचा का नसावा? तो विद्यार्थ्याच्या हातात पडावा. आणि पीएच.डी.च्या मुलाखतीत त्या अभिप्रायानुसार पुन्हा लिहिलेलं एखादं प्रकरण मूळ प्रबंधिकेसोबत ठेवायचा हक्क उमेदवाराला मिळावा. समितीने ते आधी वाचावं आणि त्याला स्वतंत्र गुण द्यावेत. चूक दाखवल्यावर माणूस काय करतो, हे पीएच.डी.साठी सगळ्यात आधी तपासायला हवं. पुढची चार-सहा वर्षं त्याला तेच करायचं असतं.

प्राध्यापकांवर भार वाढेल, हा आक्षेप मला ठाऊक आहे. जागा रिकाम्या आहेत, बरंचसं शिकवणं तासिका तत्त्वावरच्या लोकांच्या खांद्यावर आहे, आणि त्यांना वाचनाचा मोबदला कुणी देत नाही. तेव्हा अभिप्रायाचं मानधनही नियमातच लिहा. जे परीक्षक प्रबंधिका खरोखर वाचतात त्यांना एक पान जड जाणार नाही. न वाचता गुण देणाऱ्यांना जड जाईल, आणि ते जायलाच हवं.

नियमावलीत पुढची दुरुस्ती कराल तेव्हा ही दोन कलमं तिच्यात घ्यावीत, ही कळकळीची विनंती.

आपला,
अर्थशास्त्राचा एक शिक्षक, सातारा