नाचणाऱ्याचा आवाज

नव्वदच्या दशकात केबलवर म्युझिक चॅनेल लावून बसणाऱ्यांना कीथ फ्लिंट वेगळा सांगायला नको. डोक्यावर दोन शिंगांसारखे केस, डोळ्यांत काजळ आणि बोगद्यातून थेट कॅमेऱ्याच्या अंगावर येणारा तो अवतार! 'बंद कर ते!' म्हणणारे बाबा तेव्हा घरोघरी होते. चंद्रपूरच्या क्वार्टर्समध्ये तर नक्कीच.

नंतर जन्मलेल्यांसाठी थोडी हिस्टरी. इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात ब्रेनट्री नावाचं गाव आहे. तिथं डीजेगिरी करणाऱ्या लियम हाउलेटकडे कीथनं एक मिक्स टेप मागितली. लियमनं टेप दिली आणि वर खरडलं 'प्रॉडिजी', म्हणजे मूग कंपनीच्या एका सिंथेसायझरचं नाव. कीथ ती ऐकून म्हणाला, तू वाजव, आम्ही नाचतो. १९९० मध्ये बँड उभा राहिला आणि पुढची काही वर्षं हा पठ्ठ्या खरंच नुसता नाचला. १९९६ मध्ये 'फायरस्टार्टर'ची धून ऐकून मात्र त्यानं माइक मागितला. गाणं ब्रिटनमध्ये नंबर वन! त्याच वर्षी 'ब्रीद'सुद्धा. १९९७ चा 'द फॅट ऑफ द लँड' तर ब्रिटन-अमेरिका दोन्हीकडे पहिला. मशीनवरच्या म्युझिकला रॉक बँडचा दणका आणि चेहरा मिळाला तो असा.

'पण त्याला गाता कुठं येत होतं?' हा प्रश्न पुण्या-मुंबईत विचारतात. आमच्या झाडीपट्टीत नाही. दिवाळी झाली की वडशातून नाटक कंपन्या निघतात आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावागावांत रात्रभर नाटकं रंगतात. ही रंगभूमी दंडारीतून आलेली, म्हणजे नाच तिच्या रक्तातच आहे. पहाटे ३ वाजता पेंगणारा मंडप जो उठवतो, तो खरा कलाकार. कीथ इथं सीझनभर हाऊसफुल्ल चालला असता, बाप्पा!

स्टेजवरचा हा राक्षस एरवी गावातला पब चालवायचा. तो शेकोटी पेटवायला गेला की कुणीतरी 'फायरस्टार्टर'चा जोक मारायचं. मारला की बरणीत एक पाउंड टाकायचा, चॅरिटीसाठी. बाइक रेसिंगची स्वतःची टीमही होती त्याची.

४ मार्च २०१९ ला तो घरी मृतावस्थेत सापडला. वय ४९. ही आत्महत्या असल्याचं लियमनं लिहिलं. पुढे चौकशीत कोरोनरनं मात्र 'ओपन व्हर्डिक्ट' दिला, कारण नेमका उद्देश ठरवण्याइतका पुरावा नव्हता. शरीरात कोकेन, दारू आणि कोडीन सापडलं होतं. बस, एवढंच. त्यावर आपण अजून स्टोऱ्या रचू नयेत.

आमचा पाच जणांचा ग्रुप दर ४ मार्चला अख्खा अल्बम ऐकतो. चंद्रपुरात दोघं, बल्लारपूरला एक, एक गडचिरोलीत. पाचवा ताडोबाच्या गेटजवळ रिसॉर्टमध्ये आहे. जंगलाशेजारी स्पीकर लावता येत नाही, म्हणून तो हेडफोनवर. एका वर्षी गाण्यांच्या मध्येच त्यानं लिहिलं, 'महिनाभर झोप नाही गड्या.' त्यावर चार स्मायली पडले. बल्लारपूरवाल्यानं मात्र फोन लावला. 'का झालं बे?' एवढाच प्रश्न आणि दीड तास नुसतं ऐकणं. दुसऱ्या दिवशी तो मोहर्लीला पोचला आणि पुढच्या आठवड्यात त्याला घेऊन नागपूरच्या डॉक्टरांकडे. आज आमचा पाचवा मेंबर मजेत आहे, झोपतोही. पण गाडी हाकणारा, पर्यटकांना हसवणारा हा माणूस आतून खचलाय, हे आम्हा कुणालाच दिसलं नव्हतं.

२०२२ पासून बँड पुन्हा दौऱ्यावर निघाला. 'फायरस्टार्टर' वाजलं, तेव्हा कीथच्या ओळी कुणीच म्हटल्या नाहीत. लेझरच्या हिरव्या रेषांत फक्त त्याची आकृती उभी राहिली. फॅन्सनी अजून काय मागावं?

आमच्या ग्रुपचा आता एक नियम आहे. आधी एकमेकांना फोन, मग प्ले बटण. 'ठीक आहे' हे उत्तर चालत नाही, नीट सांगावं लागतं. तुमच्यापैकी कुणाला मित्राशी बोलणं जड जात असेल, तर टेली-मानसचा नंबर सेव्ह करून ठेवा, १४४१६. फुकट आहे, दिवसरात्र सुरू असतो आणि मराठीतही बोलतात.