गिअर केव्हां बदलावा?

आमचे घरीं रात्रीच्या पंक्तीस अकरा पानें मांडलीं जातात. आणि जेथें अकरा पानें तेथें बारा मतें असावयाचींच. गेल्या महिन्यांत शर्यतीच्या जातीच्या वेगवान मोटारींवरून वाद निघाला. भरधाव वेग घ्यावयाचा असतां गिअर नेमका केव्हां बदलावा, हा प्रश्न होता.

आमचा धाकटा पुतण्या कॉलेज अर्धवट सोडून मोटारदुरुस्तीच्या गॅरेजांत काम करतो. होंडाच्या एका गाडीचें नांव घेऊन तो म्हणाला, "काका, हिचें इंजिन लाल रेघेजवळ नेऊनच गिअर बदलावा." आम्हीं लागलाच निकाल दिला, "इंजिनाचा टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, जेथें सर्वांत अधिक तेथेंच बदलावा. पुढें तो उतरूं लागतो. मग इंजिन ताणण्यांत काय हंशील?" तो म्हणाला, "पण चाकावर येणारा जोर निराळा ना?" यावर आम्ही जें बोललों तें लिहितांना आज संकोच वाटतो. "ज्याला पदवी घेववली नाहीं त्यानें आम्हांस यंत्रशास्त्र शिकवूं नये!" स्वतः आम्हीहि मॅट्रिकच्या पुढें गेलों नाहीं, याचा त्या क्षणीं विसर पडला. पोरगा ताकभात संपवून मुकाट्यानें उठला. त्याची आई, आमची धाकटी भावजय, वाढतां वाढतां खालीं पाहूं लागली.

रात्रीं झोंप येईना, म्हणून वही घेऊन बसलों. ती गाडी म्हणजे १९९९ सालीं निघालेली एस-२०००. जपानांत विकल्या गेलेल्या या गाडीचे आंकडे असे: इंजिन दोन लिटरचें, टॉर्क सर्वांत अधिक, २१८ न्यूटन-मीटर, मिनिटाला ७,५०० फेऱ्यांवर, शक्ति सर्वांत अधिक, २५० अश्वशक्ति, ८,३०० फेऱ्यांवर, आणि लाल रेघ ९,००० वर. दुसऱ्या गिअरचें प्रमाण २.०४५, तिसऱ्याचें १.४८१. त्यापुढील दांत्यांचें प्रमाण दोन्हीकडे एकच, म्हणून तें आम्हीं हिशेबांतून वगळलें.

आमच्या मताप्रमाणें ७,५०० वर गिअर बदलला, असें समजा. बदलण्यापूर्वीं २१८ गुणिले २.०४५, म्हणजे ४४६ इतका जोर चाकांकडे जात होता. तिसरा गिअर पडतांच फेरे सुमारें ५,४३० वर येतात. तेथेंहि इंजिन पुरा २१८ चाच जोर देतें असें उदारपणें धरलें, तरी गुणाकार ३२३ च होतो. चौथ्या हिश्शाहून अधिक जोर आपल्याच हातानें टाकून दिला! शिवाय या इंजिनाच्या झडपा अधिक उघडणारी योजना सुमारें सहा हजार फेऱ्यांवर जागी होते. आम्ही तर त्याच्याहि खालीं येऊन पडलों. उलट ९,००० वर बदलल्यास फेरे ६,५०० च्या आसपास उतरतात व ती योजना चालूच राहते. दुसऱ्या गिअरांतला जोर ३२३ पर्यंत खालीं यावयास टॉर्क १५८ वर घसरला पाहिजे. लाल रेघेच्या आंत या इंजिनांत तसें होत नाहीं.

चूक कोठें होती? आम्हीं इंजिनाचा जोर पाहिला, तरफ पाहिलीच नाहीं. लांब पहार हातीं असलेला किंचित् थकलेला गडी, आंखूड पहारीच्या ताज्या गड्याहून मोठा धोंडा हलवितो.

दुसऱ्या रात्रीं, त्याच पंक्तींत, सर्वांदेखत आम्ही म्हणालों, "काल तुझें बरोबर होतें. आम्हीं गुणाकार न करतांच निकाल दिला, आणि वर नको तें बोललों." पोरगा लाजला, पण गप्प बसला नाहीं. "काका, दर गाडीला लाल रेघच असें मात्र नव्हे हं! टर्बोच्या व डिझेलच्या पुष्कळ इंजिनांचा जोर वरच्या फेऱ्यांत झपाट्यानें पडतो. चालू गिअरचा चाकावरील जोर उतरत उतरत पुढच्या गिअरच्या जोराइतका झाला, कीं तेथें बदलावा. दर दोन गिअरांमधली ती जागा निराळी. आणि हें सारें शर्यतीच्या बंदिस्त मार्गावरचें. एस-२००० दुसऱ्याच गिअरांत लाल रेघेशीं ताशीं शंभर किलोमीटरांच्या पुढें जाते. रस्त्यावर लौकर गिअर बदलावा, पेट्रोल वांचतें."

यांतला एक शब्दहि आम्हांस खोडतां आला नाहीं. भावजयीनें न विचारतां आमच्या पानांत आणखी एक पुरणपोळी वाढली. वैद्यांनीं गोड वर्ज्य सांगितलें असतांहि आम्हीं ती परतविली नाहीं.

वाचकहो, घरांतील वडीलकीला मान असावाच. पण आंकड्यांचा प्रश्न निघाला म्हणजे वडिलांनीं प्रथम वही मागवावी, निकाल मागाहून द्यावा.