देवकापूस आणि संकराचा बागुलबुवा

संकरित बियाण्याचा कापूस भ्रष्ट, सबब त्याची वात देवापुढे लावू नये, असा उपदेश आमच्या समाजातील काही सज्जन करू लागले आहेत. उलटपक्षी, जुने वाण म्हणजे निव्वळ अडगळ, ते जितक्या लवकर नाहीसे होतील तितके बरे, असे मानणारे सुशिक्षितही आमच्यात थोडे नाहीत. आम्हांस हे दोन्ही पक्ष अमान्य आहेत. ज्या सुरतेत मराठी माणसांची मोठी वस्ती आहे, त्या सुरतेच्या कापसाची कथाच या दोन्ही पक्षांना निरुत्तर करण्यास पुरेशी आहे.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध पेटले आणि तिकडचा कापूस बंद झाला. तेव्हा लँकेशायरच्या गिरण्या आपल्या कापसावर येऊन पडल्या. या बंदरावरून तिकडे त्याला 'सुरत' हेच नाव होते आणि लवकरच त्या नावाचा अर्थ भेसळीचा, हलका माल असा होऊन बसला. दोष झाडाचा नव्हता. गाठींत वाळू, पाणी आणि कचरा घालणाऱ्या व्यापाराचा होता. मुंबई सरकारला १८६३ साली कापसातील लबाडीविरुद्ध कायदा करावा लागला. पुढे भडोच-सुरत पट्ट्यात घोघारी नावाचा आखूड धाग्याचा, पण रुईचा उतारा अधिक देणारा कापूस शिरला. शेतात मधमाश्यांनी पराग इकडचा तिकडे नेला, जिनात सरकीची सरमिसळ झाली आणि चांगल्या धाग्याचा सुरती कापूस खालावू लागला. १९२३ चा कापूस वाहतुकीचा कायदा असल्याच सरमिसळीला आळा घालण्यासाठी झाला. तेव्हा, अजाणता झालेल्या मिश्रणाने नुकसान होते, हे शुद्धतावाद्यांचे म्हणणे आम्ही नाकारीत नाही. मात्र त्यावरून संकर हाच पाप ठरवणे म्हणजे चोराला सोडून संन्याशाला सुळी देणे होय.

ज्या अमेरिकन कापसाला ही मंडळी परका म्हणतात त्याची कुळकथा तरी काय आहे? आपल्या देशी कापसाच्या पेशीत २६ गुणसूत्रे असतात, अमेरिकन कापसात ५२. त्यांपैकी अर्धी आपल्या कापसाच्या प्राचीन भाऊबंदाकडून आलेली आहेत आणि अर्धी अमेरिकेतील एका रानटी जातीच्या पूर्वजाकडून. सुमारे दहा-वीस लाख वर्षांपूर्वी, माणूस शेती करू लागण्याच्या कितीतरी आधी, निसर्गानेच हा विवाह लावला. अर्जुनाच्या तोंडी आलेली वर्णसंकराची भीती सरकीला लावू पाहणाऱ्यांनी प्रथम निसर्गाला प्रायश्चित्त सांगावे!

याच सुरतेच्या संशोधन केंद्रावर देशी आणि अमेरिकन कापसाचा संकर साधण्याचे कठीण काम झाले. २६ आणि ५२ यांच्या संततीत ३९ गुणसूत्रे येतात आणि ती वांझ निघते. तिची गुणसूत्रे दुप्पट करून, अमेरिकन पालकाशी पुनःपुन्हा संकर करीत, देशी झाडाचा काटकपणा उतरवावा लागतो. 'देवीराज' आणि 'देवीतेज' हे वाण अशाच खटाटोपाचे फळ. १९७० साली डॉ. सी. टी. पटेल यांनी येथेच 'संकर-४' सिद्ध केला. व्यापारी लागवडीचा तो जगातील पहिला संकरित कापूस. त्याची माता गुजरात-६७ आणि पिता मधुग्रंथीविरहित अमेरिकन वाण. संध्याकाळी फुलातील पुंकेसर हातांनी खुडायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पराग लावायचा, असे एकेका फुलाचे हे काम आहे.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. संकरित बी दरवर्षी नव्याने करावे लागते. मातापिता जिवंत नसतील तर ते करणार कशाचे? २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि पाहता पाहता देशातील बहुतेक कापूसक्षेत्र त्याने व्यापले. गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटी जनुकाला दाद देत नाही, हे २०१० साली गुजरातेतच जाहीर झाले. पाने गुंडाळणाऱ्या विषाणूने उत्तरेत अमेरिकन कापसाची दाणादाण उडवली, तेव्हा देशी कापूस मात्र टिकून राहिला. अडगळ नेमकी कशाला म्हणावयाचे? ऋषिपंचमीच्या निमित्ताने ज्याचे नाव घेतले जाते त्या देवभाताचीही गोष्ट अशीच. शाकुंतलातला नीवार तो हाच गोतावळा. शास्त्रज्ञांनी १९६५ साली एका रानभाताला तेच नाव दिले. रोप खुजे करणाऱ्या विषाणूवर उतारा शोधताना सहा हजारांहून अधिक नमुने तपासले गेले आणि तो उत्तर प्रदेशातल्या या रानभाताच्या एका नमुन्यात सापडला. त्याचा गुण १९७६ च्या आय.आर.-३६ या वाणात उतरला.

आमच्या देवळांच्या आवारात तर असा ठेवा दारीच उभा होता. अनेक वर्षे जगणारा देवकापूस, वातींसाठी आणि जानव्यासाठी लावलेला. विहिरीकाठचे ते झाड तोडून तेथे फरशी घालावयाची आणि पूजेसाठी बाजारातून वातींचे पाकीट आणावयाचे, ही कसली धर्मबुद्धी? बीजसंग्रह नागपुरास आहेच, असे कोणी म्हणेल. परंतु थंड पेटीतले बी झोपलेले असते; अंगणातले झाड कीड, ऊन आणि पाऊस यांच्याशी दरसाल झगडत बदलत राहते.

येथे एक सावधगिरी हवी. देवकापूस म्हणून ओळखली जाणारी सगळीच झाडे देशी नसतात. बोंड उकलल्यावर एका कप्प्यातील सरक्या एकमेकींस चिकटून मूत्रपिंडासारखा गोळा झालेला दिसला, तर ते झाड अमेरिकन वंशाचे. शेजारच्या शेतातील बीटी कापसाचा पराग त्याला सहज लागू शकतो. सरक्या सुट्या, पान खोल कातरलेले आणि फूल तांबूस, किंवा पिवळे पण तळाशी जांभळा डाग असलेले, अशी सगळी लक्षणे जुळली तर झाड बहुधा देशी समजावे. गुणसूत्रांच्या भेदामुळे त्याला त्या परागाची बाधा सहसा होत नाही. विश्वस्तांनी आवाराच्या सुशोभनाचा ठराव मांडण्यापूर्वी ही परीक्षा करावी, दोन्ही प्रकारांची सरकी वेगवेगळ्या पुरचुंड्यांत बांधून ठेवावी आणि मृगाचा पाऊस पडताच देशी सरकी पुन्हा आवारात टोकावी.