हँडब्रेक "टाइट करून दिलाय"!

मंडळी, आजचा विषय थोडा तेलकट आहे. ज्यांना गाडीच्या पोटात काय असतं यात रस नाही त्यांनी मधले दोन परिच्छेद गाळले तरी चालतील, पण शेवटपर्यंत या, कारण माझी तक्रार गाडीबद्दल कमी आणि माणसांबद्दल जास्त आहे.

जुन्या गाड्या हौसेनं सांभाळणारे आता बरेच झालेत. २०२१ साली केंद्र सरकारनं पन्नास वर्षांपुढच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी नोंदणीची वेगळी सोय केली, तेव्हापासून या हौसेला जरा प्रतिष्ठाही आली. चांगलंच आहे. पण यातल्या कुणालाही विचारून बघा, "हँडब्रेक लागतो का हो?" दहातले सात-आठ जण हसतात. "गिअरमध्ये लावतो की!" बंपरच्या क्रोमसाठी मुंबईच्या वाऱ्या करतील, स्टिअरिंगच्या मधलं चिन्ह परदेशातून मागवतील, आणि उतारावर गाडी उभी केली की मुलाला म्हणतील, "पळ, दगड आण." माझं स्पष्ट मत आहे, की ज्या गाडीचा हँडब्रेक धरत नाही ती गाडी नुसती सजवलेली आहे, तिला जपलेली म्हणू नये.

हे मी, आयुष्यभर मराठी आणि भूगोल शिकवलेली बाई, कोणत्या अधिकारानं सांगते? आमच्या घरी १९६५ची फोक्सवॅगन बीटल आहे. ह्यांनी ती तिसऱ्या हातानं घेतली होती. हँडब्रेक सेट करणं हे दोन माणसांचं काम, आणि दुसरं माणूस कायम मीच. आत बसून दांडा ओढायचा आणि खटके मोजायचे. पंचवीस-तीस वर्षं मोजले. हे गेल्यावर गाडी भाच्याच्या ताब्यात आहे, उभी मात्र आमच्याच अंगणात असते.

आता भाच्याचं. त्याला गाडी घेऊन यवतेश्वरच्या घाटानं कासला जायचं होतं. दांडा पार वर, आठ-नऊ खटक्यांपर्यंत यायला लागला होता, म्हणून त्यानं गाडी एका गॅरेजला दाखवली. गॅरेजवाल्यानं दहा मिनिटांत परत दिली. "टाइट करून दिलाय." खरंच, दांडा तिसऱ्या खटक्याला घट्ट! भाचा खूश. मी विचारलं, "चाकं काढली होती का रे?" म्हणाला, "मामी, चाकं कशाला काढायची? केबल आतूनच आवळतात." आठवड्यानं मागचं डावं चाक हात लावता येणार नाही इतकं तापलेलं, आणि जळका वास.

या "आतूनच आवळतात"मध्येच सगळी गोम आहे. बीटलमध्ये दोन सीटांच्या मधल्या दांड्यापासून दोन केबल निघतात आणि गाडीच्या मधल्या कण्यातून, नळ्यांमधून मागच्या दोन चाकांपर्यंत जातात. प्रत्येक ड्रमच्या आत एक छोटा दांडा असतो. केबलनं तो ओढला की तो एका आडव्या पट्टीच्या मदतीनं दोन्ही ब्रेक-शू बाहेर फाकवतो, आणि ते ड्रमला आतून घासून बसतात. म्हणजे पायाच्या ब्रेकचे आणि हँडब्रेकचे शू तेच. फक्त त्यांना ढकलणारा वेगळा, एकात तेल आणि दुसऱ्यात तार. आता लायनर झिजले की शू आणि ड्रम यांच्यातली फट वाढते. दांडा जास्त वर का यायला लागतो? ती फट भरून काढायला. तुम्ही फट तशीच ठेवून केबल आवळलीत, तर आतला छोटा दांडा हँडब्रेक सोडलेला असतानाही अर्धवट ओढलेलाच राहतो. शू पूर्ण मागे बसत नाहीत, चाक घासत राहतं, तापतं, लायनर आणखी झिजतो, दांडा पुन्हा वर यायला लागतो. मग पुन्हा "टाइट करून दिलाय". विद्यार्थ्याला विषय समजला नाही म्हणून नुसते गुण वाढवून देण्यातला हा प्रकार.

म्हणून सुरुवात चाकापासून. आधी दांड्यापाशी रबराचं टोपण वर करून दोन्ही केबलचे नट सैल करायचे, अगदी लोंबतील इतके. बीटलला इंजिन मागे, ओढही मागच्याच चाकांना, आणि हँडब्रेकही त्याच चाकांना. त्यामुळे मागची बाजू जॅकवर उचलली की गिअर आणि हँडब्रेक दोन्ही निकामी. गाडीला धरून ठेवणारं काहीच उरत नाही. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे, सपाट जमीन, आणि मागे लोखंडी स्टँड. विटा नाहीत! वीट भार आला की सांगून फुटत नाही. मग गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक खाली, आणि चाक हातानं फिरवत ड्रमवरचं भोक आतल्या दातेरी चक्रीसमोर आणायचं (आमच्या मॉडेलला ते ड्रमच्या तोंडावर आहे, नंतरच्या गाड्यांना मागच्या पत्र्यावर). प्रत्येक चाकात अशा दोन चक्र्या, एकमेकींच्या उलट फिरणाऱ्या. स्क्रू ड्रायव्हरनं एकेक दात पुढे सरकवायचा, चाक अडेपर्यंत. मग पायाचा ब्रेक दोन-चारदा जोरात दाबायचा, म्हणजे शू मध्यावर बसतात. पुन्हा बघायचं, आणि मग तीन-चार दात मागे, चाक मोकळं फिरेपर्यंत. चारी चक्र्या झाल्या, की निम्म्याहून जास्त वेळा हँडब्रेक जवळजवळ आपोआप जागेवर येतो. वर पायाचा पेडलही उंच आणि कडक लागतो, हा फुकटचा फायदा.

केबलची पाळी त्यानंतर. केबलच्या टोकाला खाच असते, तिथे स्क्रू ड्रायव्हर धरून ठेवायचा म्हणजे तार पिळली जात नाही, आणि पान्यानं नट फिरवायचा. बीटलचं जुनं माप साधं आहे: दांडा दोन खटके वर असताना दोन्ही मागची चाकं हातानं जेमतेम फिरावीत, आणि दोन्हींना सारखाच जोर लागावा. चार खटक्यांना हातानं हलता कामा नयेत. इथे माझी नोकरी असायची. "दोन?" "दोन." हे मागे जाऊन आधी डावं फिरवणार, मग उजवं, मग पुन्हा डावं. दोन्हीकडे सारखं आल्याशिवाय चेक नट आवळायचा नाही. शेवटी दांडा पूर्ण खाली करून दोन्ही चाकं मोकळी फिरतात ना, हे बघायचं. ही शेवटची पायरी बरेच जण खातात.

आमच्या गाडीचे ड्रम परवा उघडले तेव्हा डावा लायनर रिबिटांना टेकलेला आणि उजवा अजून निम्मा शिल्लक. नुसत्या आवळण्यानं हे कसं कळणार होतं? आणखी एक, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा. ड्रममधली काळी भुकटी हवेच्या पाइपनं उडवायची पद्धत फार वाईट. ओल्या फडक्यानं पुसून ते फडकं पिशवीत बांधून टाकायचं.

"पण गिअर आहे की" म्हणणाऱ्यांना माझे दोन प्रश्न. गिअरमध्ये गाडी धरून ठेवतं ते इंजिनाचं कॉम्प्रेशन. साठ वर्षांच्या इंजिनात ते किती उरलंय? आमची गल्ली अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याची आहे. उतारावर गिअरमध्ये उभी केलेली झिजक्या इंजिनाची गाडी तासाभरात हळूहळू, चार बोटं, वीतभर अशी सरकते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. खाली शाळेचं फाटक आहे. साडेपाचला तिथून दीड-दोनशे पोरं धावत सुटतात आणि गाडी मात्र पाऊण टनाच्या आसपासची. यावर मला आणखी काही बोलायचं नाही.

दुसरा प्रश्न जास्त गंभीर. १९६५च्या बीटलला ब्रेकच्या तेलाची एकच वाट आहे, चारी चाकांना मिळून एक. दुहेरी मास्टर सिलिंडर १९६७च्या सुमाराला आला. म्हणजे आमच्या गाडीत कुठेही एक नळी फुटली, एक वॉशर गळला, की पेडल जमिनीला टेकतो आणि चारी चाकांचे ब्रेक एकदम जातात. घाटात त्या क्षणी तुमच्याकडे उरतं काय? खालचा गिअर, आणि तेलाशी काही संबंध नसलेली ही तार. तीसुद्धा बोटानं बटण दाबून धरून, जपून ओढायची, नाहीतर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरायची. पायाचा आणि पार्किंगचा अशा दोन स्वतंत्र ब्रेकची अट १९८९च्या मोटार वाहन नियमांतही आहे, ती उगाच नाही. याला "पार्किंग" ब्रेक म्हणायला लागल्यापासून त्याची किंमत कमी झाली, असं मला वाटतं. हँडब्रेक हा शब्द बरा होता.

एका बाबतीत मात्र गिअरवाल्यांचं बरोबर आहे. पावसाळ्यात गाडी महिना-दोन महिने हलणार नसेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नये. साताऱ्याच्या पावसात लायनर ड्रमला चिकटतात आणि तार नळीत गंजून बसते. तेव्हा सपाट जागा, गिअर आणि ठोकळे. पण हा अपवाद झाला. तो नियम म्हणून सांगत सुटायचं म्हणजे उपासाला चालतं म्हणून रोज साबुदाणाच खाण्यासारखं.

भाचा आधी फुरंगटला. "मामी, एका ब्रेकसाठी कासचा बेत रद्द?" पण झिजलेला लायनर त्याच्या हातावर ठेवला तेव्हा गप्प झाला. आता मागच्या दोन्ही चाकांचे शू मागवलेत, केबलही नव्या येतायत, कारण उजवीकडच्या तारेचे दोन पदर तुटलेले निघाले. आले की रविवारी बसवू. चाक तो फिरवेल, खटके मी मोजेन. तोवर गाडी अंगणात ठोकळ्यांवर आहे, आणि त्याला मी सांगितलंय की फुलं बघायची घाई असेल तर एसटीनं जाऊन ये.