फुकटच्या औषधाचे पैसे कोण भरते?



आमच्या ओळखीच्या एक ताई नालासोपाऱ्याला राहतात. घरकाम करतात. पावसाळ्यात एका रात्री त्यांच्या पोटात असह्य दुखू लागले. नवऱ्याने रिक्षा करून त्यांना एका खाजगी रुग्णालयात नेले. खिडकीवरच्या माणसाने सांगितले, आधी वीस हजार अनामत भरा, मग डॉक्टर बघतील. सकाळी सराफाचे दुकान उघडेपर्यंत ताई बाकावर कळवळत होत्या. कानातली फुले मोडली तेव्हा सलाईन लागले. ताई आता बऱ्या आहेत. फुले गेली ती गेली.

हे घडले ते गाव कोणते? आपण दर बुद्धपौर्णिमेला ज्या स्तूपापुढे मेणबत्ती लावतो, तेच सोपारा. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बुरुड राजाच्या कोटात हा स्तूप उकरला. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही तेव्हाच इथे मिळाला. नवव्याचा तुकडा १९५६ साली भुईगावात सापडला. दुसरा शिलालेख इथे मिळाला नाही, पण गिरनारच्या खडकावर तो आजही आहे. त्यात राजा सांगतो की माणसांसाठी आणि जनावरांसाठी उपचाराची सोय केली आहे. औषधी झाडे जिथे नव्हती तिथे ती आणून लावली, रस्त्याच्या कडेला विहिरी खणल्या. चोल, पांड्य, ताम्रपर्णी म्हणजे आजची श्रीलंका, अशी परक्या मुलखांचीही नावे त्यात आहेत. जवळजवळ तेवीसशे वर्षांपूर्वी!

पण अशोक राजा होता. तिजोरी त्याची होती. ज्यांच्या हाती फक्त महिन्याचा पगार, आणि तोही वीस तारखेला संपणारा, त्यांनी काय करावे? त्यासाठी आम्हाला दापोडीची गोष्ट सांगावीशी वाटते. पुण्याजवळची दापोडी, मुळा-पवनेच्या संगमाकडची. कोकणातले दापोली नव्हे. पोस्टमनसुद्धा तिथे चुकतो.

इंग्लंडात जन्मलेले भिक्खू भन्ते संघरक्षित यांनी परमपूज्य बाबासाहेबांची प्रत्यक्ष भेट घेतली होती. ६ डिसेंबर १९५६ रोजी ते नागपुरात होते. महापरिनिर्वाणाची बातमी आली आणि नवदीक्षित समाज पोरका झाला. पुढचे काही दिवस भन्ते वस्त्यावस्त्यांतून लोकांना धीर देत फिरले. पुढे त्यांचे इंग्रज शिष्य लोकमित्र १९७७ साली योग शिकायला पुण्याकडे निघाले असता वाटेत नागपूरला उतरले. नेमका धम्मदीक्षेचा एकविसावा वर्धापनदिन होता. दीक्षाभूमीवरची ती गर्दी पाहून त्यांनी आयुष्याची दिशाच बदलली. दुसऱ्या वर्षी ते पुण्यात येऊन राहिले आणि १९७९ पासून त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाचे काम सुरू झाले.

लोक प्रवचनाला येत. पण घरी पोर तापाने फणफणलेले असेल तर ध्यानात मन कसे लागणार? त्यातून बहुजन हितायचे काम उभे राहिले. १९८० नंतरच्या त्या सुरुवातीच्या वर्षांत दापोडीच्या झोपडपट्टीत दवाखान्याचे काम चालले. एक इंग्रज डॉक्टर त्यात होते. पद्मसुरी नावाच्या धम्मभगिनी नर्स आणि सुईणीचे काम शिकून आल्या होत्या. त्यांनी या दिवसांवर पुढे इंग्रजीत पुस्तक लिहिले. आमच्या मते या कामातली सगळ्यांत मोलाची गोष्ट औषधाची बाटली नव्हेच. वस्तीतल्याच बायांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले, ती आहे. डॉक्टर आज आहे, उद्या मायदेशी जाईल. शेजारची बाई कुठे जाणार? जुलाब झालेल्या लेकराला साखर-मिठाचे पाणी द्यायचे, टीबीच्या गोळ्या बरे वाटले म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत, हे तिने सांगितले तर पटते, कारण ती त्याच नळावर पाणी भरते. पुढे दवाखान्याच्या जोडीला बालवाड्या आणि शिवणवर्गही आले.

आणि पैसे? इंग्लंडात १९८० साली त्यासाठी एक संस्था निघाली. पुढे तिला करुणा ट्रस्ट हे नाव मिळाले. तिथले कार्यकर्ते काही आठवडे एकत्र राहायचे आणि रोज संध्याकाळी दारोदार जायचे. अनोळखी माणसाचे दार ठोठावायचे आणि दरमहा थोडे द्याल का, असे विचारायचे. म्हणजे दापोडीच्या पोराच्या खोकल्याचे औषध कुठल्या तरी गोऱ्या आजीच्या पेन्शनमधून यायचे. आम्हाला याचे अप्रूप वाटते. खोटे कशाला बोला, थोडी लाजही वाटते. उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मासाठी द्यायला बाबासाहेबांनी नागपूरला सांगितले होते, ते आपल्याला. लंडनच्या आजीला नव्हे.

घरखर्चातून पैसा काढणे किती कठीण, हे माता-भगिनींना आम्ही काय सांगावे! तरीही तैवानची एक गोष्ट ऐका. १९६६ साली ह्वालियन गावात चेंग येन या भिक्खुणीने त्झू ची संस्था सुरू केली. सोबत तीस गृहिणी. प्रत्येकीला बांबूचे एक नळकांडे दिले. बाजाराला निघण्यापूर्वी रोज अर्धा डॉलर त्यात टाकायचा. त्यांचा डॉलर, अमेरिकेचा नव्हे. महिन्याचे एकदमच का नाही घेत, असे बायकांनी विचारले. रोज टाकला तर रोज दुसऱ्याची आठवण होते, असे त्यांचे म्हणणे. १९७२ साली मोफत दवाखाना निघाला. १९८६ साली त्याच गावात मोठे रुग्णालय उघडले आणि तिथे अनामत न घेता रुग्ण दाखल करून घ्यायचे ठरले. हे वाचताना आम्हाला ताईंच्या कानातली फुले आठवली.

रुग्णालय बांधा, असे आम्ही म्हणत नाही. आपल्या विहारात रविवारी दोन तास एक टेबल टाकता येईल. वस्तीत निवृत्त नर्स असतेच. ती रक्तदाब मोजेल. कॉलेजातले एखादे पोर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कोणते रुग्णालय आहे, कोणते कागद लागतात, ते बघून सांगेल. ताईंना त्या रात्री हे सांगणारे कोणी भेटले नाही. मिरवणुकीच्या डीजेला एका दिवसात जेवढे पैसे जातात, तेवढ्यात वर्षाची पट्टी-मलम भागेल. यावर कोणाला राग आला तर पत्र पाठवावे, आम्ही छापू.

आमच्या घरी चहाच्या डब्याशेजारी एक रिकामा डबा ठेवला आहे. रोज पाच रुपये. पहिल्या आठवड्यात तीस जमले. एक दिवस आम्हीच विसरलो.