पीयूसीला न दिसणारा धूर

पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात पीयूसीची व्हॅन उभी असते. डिझेलची जीप येते, तिथला मुलगा सायलेन्सरमध्ये नळी खुपसतो आणि ‘रेस द्या’ म्हणतो. ड्रायव्हर अ‍ॅक्सिलरेटर दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो. नंबर प्लेटचा फोटो निघतो, प्रिंटरमधून कागद सरकतो आणि गाडी पास होते.

या तपासणीत यंत्र पाहते ते एवढेच, की धुरातून प्रकाश किती आरपार जातो. काळाकुट्ट धूर त्यात सापडतो. पण इंजिनाच्या धुरातले बहुसंख्य कण १०० नॅनोमीटरहून लहान, म्हणजे दिसणाऱ्या प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही कितीतरी छोटे असतात. ते प्रकाश फारसा अडवत नाहीत. यंत्राच्या लेखी ते जवळपास नसतातच.

फुफ्फुसाच्या लेखी मात्र असतात. लंडनमध्ये सौम्य ते मध्यम दमा असलेल्या ६० जणांना संशोधकांनी ऑक्सफर्ड स्ट्रीटवर दोन तास चालायला लावले. या रस्त्यावर तेव्हा डिझेलच्या बस आणि टॅक्सीच धावत. मग वेगळ्या दिवशी तेवढाच वेळ जवळच्या हाइड पार्कमध्ये. निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. रस्त्यावर चालल्यानंतर पहिल्या सेकंदात जोराने बाहेर टाकता येणारी हवा ६ टक्क्यांपर्यंत घटली होती. बागेतली घट त्याहून कमी होती. या फरकाशी सर्वाधिक जुळत होते ते अतिसूक्ष्म कण आणि काजळी.

असे का होते? जाड धूळ नाकातल्या केसांत आणि घशातल्या कफात अडकते, खोकल्यावाटे बाहेर पडते. नॅनोकण थेट वायुकोशांपर्यंत उतरतात. प्रौढ माणसाच्या फुफ्फुसांत असे कोट्यवधी वायुकोश असतात आणि तिथे हवा व रक्त यांच्यामधला पडदा एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. पहाऱ्यावरच्या भक्षक पेशी मोठे कण गिळून टाकतात. इतके बारीक कण मात्र त्यांच्या तावडीतून अनेकदा निसटतात आणि अस्तराच्या पेशींत शिरतात. काजळीला चिकटून आलेले धातू आणि हायड्रोकार्बन तिथे पेशीची रासायनिक घडी विस्कटतात. पेशी धोक्याचे संकेत सोडते, पांढऱ्या पेशी धावून येतात आणि दाह सुरू होतो. रोज तोच रस्ता, रोज तोच धूर असला की हा दाह शमायला उसंतच मिळत नाही.

कण फुफ्फुसातच थांबतात असेही नाही. एडिंबरोच्या संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांना सोन्याचे नॅनोकण श्वासावाटे घ्यायला दिले. सोने निवडले, कारण ते निरुपद्रवी आणि शरीरात सहज ओळखू येणारे. २४ तासांच्या आत ते रक्तात सापडले, तीन महिन्यांनंतरही रक्त आणि लघवीत होते. मानेच्या धमनीची शस्त्रक्रिया होणार असलेल्या काही रुग्णांच्या धमनीत साचलेल्या थरातही ते आढळले. काजळी सोन्याइतकी निरुपद्रवी नाही. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात बसवले आहे.

तरीही हवेचा हिशेब वजनावरच चालतो. पीएम २.५ म्हणजे एका घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम. आता अडीच मायक्रॉनचा एक कण घ्या: त्याच्या वजनात ५० नॅनोमीटरचे सव्वा लाख कण मावतात आणि पेशींना भिडणारा त्यांचा एकूण पृष्ठभाग ५० पट भरतो. तराजूला दोन्ही सारखेच!

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अतिसूक्ष्म कणांची मार्गदर्शक मर्यादा ठरवली नाही, कारण पुरेसे पुरावे नाहीत; पण संख्या मोजायला सुरुवात करा, असे बजावले. हे चक्र सरळ आहे. मोजणी नाही म्हणून पुरावा नाही आणि पुरावा नाही म्हणून मर्यादा नाही. ते कुठेतरी तोडावे लागेल.

भारतात बीएस-६ च्या निकषांत डिझेल मोटारीला किलोमीटरमागे ६० हजार कोटी कणांची मर्यादा आहे, पण ती नव्या मॉडेलच्या चाचणीत. रस्त्यावर आल्यावर धुराचा फिल्टर फुटला किंवा कुणी काढून टाकला, तर पीयूसीला पत्ता लागेलच असे नाही. नेदरलँड्स आणि जर्मनीने २०२३ पासून याच त्रुटीवर बोट ठेवून वाहन तपासणीत कणांची मोजणी सुरू केली; जर्मनीत एका घनसेंटिमीटरमध्ये अडीच लाखांहून जास्त कण निघाले, की गाडी नापास. मुंबई-पुण्यात बस आणि ट्रकपासून ही सुरुवात करता येईल. यंत्र महाग आहे, हे खरे. पण तोवर व्हॅनमधला तो मुलगा रुमालही न बांधता दिवसभर सायलेन्सरपासून हातभर अंतरावर वाकून उभा राहणार आहे.