समविचारींची बैठक

वादातून तत्त्वबोध होतो, ही आपली जुनी श्रद्धा. चार डोकी एकत्र बसली की टोकाची मते बोथट होतात, असे धरूनच समित्या नेमल्या जातात, चिंतन शिबिरे भरतात. त्या चार डोक्यांत आधीपासून काय भरले आहे, हे मात्र कोणी पाहत नाही.

कॅस सनस्टीन, रीड हेस्टी आणि डेव्हिड श्केड या अमेरिकी अभ्यासकांनी 2005 मध्ये नेमके तेच पाहिले. कोलोरॅडो राज्यातले बोल्डर हे उदारमतवाद्यांचे शहर, तर कोलोरॅडो स्प्रिंग्ज परंपरावाद्यांचे. दोन्हीकडच्या नागरिकांना आपापल्याच शहरवासीयांबरोबर छोट्या गटांत बसवून हवामानबदलाचा आंतरराष्ट्रीय करार, समलिंगी जोडप्यांच्या नात्याला कायदेशीर मान्यता अशा विषयांवर बोलते केले. चर्चेआधी आणि चर्चेनंतर प्रत्येकाचे मत गुप्तपणे नोंदवले. बोल्डरकर आणखी डावीकडे सरकले, स्प्रिंग्जवाले आणखी उजवीकडे. गटाच्या आत आधी जी थोडीफार मतभिन्नता होती, तीही आटली.

शेवटची नोंदही गुप्तच होती, हे विसरू नये. म्हणजे लोक भिडेखातर माना डोलवत नव्हते. त्यांची मते खरोखरच बदलली होती.

हे अमेरिकेपुरतेच आहे, असेही नाही. सर्ज मॉस्कोविसी आणि मारिसा झावालोनी यांनी 1969 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात फ्रेंच विद्यार्थ्यांचा फ्रान्सचे तत्कालीन अध्यक्ष द गॉल यांच्याविषयीचा आदर चर्चेनंतर वाढला आणि अमेरिकी लोकांविषयीची नाराजीही वाढली. कारण तसे साधे आहे. बहुतेकांचा कल एकीकडे असला की त्या बाजूचेच मुद्दे जास्त निघतात, आणि आपल्याला न सुचलेले चार मुद्दे दुसऱ्याकडून ऐकले की आपली खात्री दुणावते. त्यात आपण इतरांपेक्षा कमी निष्ठावान दिसू नये, ही धडपड असतेच. शंका असलेला माणूस गप्प बसतो.

म्हणून बैठका बंद कराव्यात का? मुळीच नाही. राज्यशास्त्रज्ञ जेम्स फिशकिन यांच्या प्रयोगांत नागरिक यादृच्छिक पद्धतीने निवडतात, दोन्ही बाजूंची माहिती आधी देतात, तज्ज्ञांना प्रश्न विचारू देतात, आणि बडबड्यांना आवरायला प्रशिक्षित संचालक असतो. गटाने एकमताचा ठराव करावा, असा आग्रहही नसतो. तिथे मते बदलतात, पण ती ठरावीकपणे टोकाला जात नाहीत.

आपल्या पक्षांनी पुढच्या चिंतन शिबिरात निदान एक सत्र विरोधी बाजूच्या जाणकाराला द्यावे, आणि कार्यकर्त्यांना त्याला मोकळेपणाने प्रश्न विचारू द्यावेत.